सामाईक भिंतीचं घर घेताना

मध्य न्यू जर्सीत प्लेन्सबोरो, ईस्ट विंडसर, हिल्सबरो या भागांत मराठी कुटुंबांचं पहिलं घर बहुधा टाउनहोम असतं. अपार्टमेंटचं भाडं नकोसं झालेलं असतं, मुलं शाळेच्या वयाची झालेली असतात आणि सुटं घर आवाक्याबाहेर असतं. मग सहा-आठ घरांच्या रांगेतलं एक दुमजली घर बघायचं, मागे छोटा डेक, पुढे गाडीपुरती जागा. यातली बरीच घरं १९८०च्या दशकातली आहेत. आम्हीही तसंच एक पसंत केलं होतं. ते आम्ही घेतलं नाही, आणि त्याचं कारण इन्स्पेक्शनमध्ये निघालेल्या गोष्टी. काय झालं ते सविस्तर सांगते, कारण रांगेतल्या घराची तपासणी सुट्या घरासारखी करून भागत नाही आणि हे आधी सांगणारं फारसं कुणी भेटत नाही.

घर पूर्वाभिमुख होतं. आपल्या लोकांत पूर्वेच्या दाराला मागणी फार, त्यामुळे पहिल्याच शनिवार-रविवारी ऑफर आल्या. आमची एजंट म्हणाली, "इन्स्पेक्शनची अट काढून टाका, तुमची ऑफर वर जाईल. शेजारचं घर गेल्याच वर्षी विकलं गेलं, तेव्हा काही निघालं नव्हतं. सगळी घरं एकाच बिल्डरची, एकाच वेळची आहेत."

हेच तुम्हालाही ऐकवलं जाईल. आम्ही अट ठेवली, पण सौम्य केली. किरकोळ दुरुस्त्या मागणार नाही. छप्पर, पाया, प्लंबिंग, वीज आणि हीटिंग यांत मोठा दोष निघाला तरच बोलू किंवा बाहेर पडू, असं ऑफरमध्ये लिहिलं. सेलरने ती मान्य केली. सेलरला नळाच्या वॉशरपासून दाराच्या कडीपर्यंतच्या मागण्यांची यादी नको असते. ती भीती घालवली की इन्स्पेक्शनला हरकत घेणारे बरेच जण नरमतात. अट पूर्ण काढण्यापेक्षा हा रस्ता शंभर पटींनी बरा.

'सगळी घरं सारखीच' हे तर आमच्याच भागात तपासून खोटं ठरलेलं आहे. ईस्ट विंडसरमधल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीतल्या टाउनहोम्सचा १९७०च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट सोकोलोव यांच्या गटाने बारकाईने अभ्यास केला. नकाशा तोच, बांधकाम तेच, तरी एका घराचा गॅस दुसऱ्याच्या दुपटीने जळत होता. राहणाऱ्यांच्या सवयींचा त्यात मोठा वाटा होता. शिवाय घरातली गरम हवा सामाईक भिंतीच्या पोकळीतून आणि धुरांड्याभोवतीच्या फटीतून थेट ॲटिकमध्ये निसटत होती. ॲटिकच्या जमिनीवर घातलेल्या इन्सुलेशनचा त्या वाटेवर काही उपयोग नव्हता. रांगेतल्या घराचं दुखणं बहुधा त्या सामाईक भिंतीपाशी असतं, आणि ते दिवाणखान्यात उभं राहून दिसत नाही.

आमचा इन्स्पेक्टर साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा माणूस. न्यू जर्सीत होम इन्स्पेक्टरला राज्याचा परवाना लागतो, तो आम्ही आधी पाहिला होता. तो एजंटने सुचवलेल्यांपैकी नव्हता. टाउनहोम्स भरपूर तपासलेला माणूस हवा म्हणून आम्हीच शोधला होता. आल्या आल्या त्याने विचारलं, "ॲटिकचं झाकण कुठे आहे?" ते बेडरूमच्या कपाटात होतं आणि खाली सेलरचे खोके छतापर्यंत रचलेले होते. कितीतरी इन्स्पेक्टर अशा ठिकाणी रिपोर्टमध्ये 'जाता आलं नाही' असं लिहून पुढे सरकतात, आणि तसं लिहिण्याची त्यांना मुभा असते. याने सेलरच्या एजंटला फोन लावून खोके हलवायला लावले. तुमच्या इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशीच कळवा की ॲटिक, इलेक्ट्रिकचं पॅनल, फर्नेस आणि बेसमेंटच्या भिंती मोकळ्या ठेवा.

मी शिडीवरून अर्धी आत डोकावले होते. छपराखालचं प्लायवूड मधल्या भागात नेहमीसारखं पिवळसर होतं. सामाईक भिंतीलगत मात्र चारेक फुटांचा पट्टा गडद तपकिरी, जवळजवळ कॉफीच्या रंगाचा. इन्स्पेक्टरने स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाब दिला आणि लाकडाची ढलपी निघून त्याच्या हातात आली. बोटांत चुरली तर तिचा भुगा झाला. त्याच जागी बाहेरून शिंगल्स नवे, एकसारखे, सुंदर दिसत होते.

त्याने सांगितलेलं कारण असं. एका घरातली आग छपरावरून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून पूर्वी दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढत. १९८०च्या दशकात त्याऐवजी भिंतीच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट अग्निरोधक रसायन मुरवलेलं प्लायवूड घालायची मुभा मिळाली. बिल्डरांना ते स्वस्त पडलं आणि न्यू जर्सीसह पूर्वेकडच्या राज्यांत सर्रास वापरलं गेलं. पण उन्हाळ्यात ॲटिक तापलं की त्यातली काही रसायनं आम्ल तयार करून लाकडालाच खात. काही वर्षांतच फळ्या काळपट आणि ठिसूळ होऊ लागल्या. दशक संपायच्या आतच हा प्रश्न उघड झाला आणि अनेक वसाहतींनी फळ्या बदलून घेतल्या. आम्ही पाहत होतो त्या रांगेत मात्र मागच्या वेळी शिंगल्स नवे घातले, खालच्या फळ्या तशाच ठेवल्या. त्या छपरावर बर्फाचा भार आला किंवा दुरुस्तीला माणूस चढला तर काय, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

तिथेच आणखी दोन गोष्टी दिसल्या. सामाईक भिंतीच्या जिप्समला कुणीतरी केबल नेण्यासाठी मुठीएवढं भोक पाडून तसंच सोडलं होतं. शेजारी आग लागली तर धूर आपल्या ॲटिकमध्ये यायला तेवढं पुरतं. आणि बाथरूमच्या पंख्याची नळी छपराबाहेर न काढता ॲटिकमध्येच मोकळी सोडलेली होती. तिच्याभोवती बुरशीचे काळे ठिपके पसरले होते. या दोन्हींची दुरुस्ती फार खर्चाची नव्हती. छपराचं तसं नव्हतं.

खरी गुंतागुंत पुढे सुरू झाली. छप्पर कुणाचं? सेलर म्हणाला, वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं, तुम्हाला काळजी नको. आमच्या अटर्नीने मास्टर डीड आणि बायलॉज मागवले. छप्पर असोसिएशनचं हे खरं निघालं. मग तिने गेल्या दोन वर्षांच्या बोर्डाच्या बैठकांची इतिवृत्तं आणि गंगाजळीचा हिशेब मागितला, आणि पाणी कुठे मुरतंय ते कळलं. संपूर्ण वसाहतीची छपरं फळ्यांसकट बदलायची चर्चा वर्षभर चालू होती. गंगाजळीत तेवढे पैसे नव्हते. प्रत्येक घरमालकाकडून एकरकमी स्पेशल असेसमेंट घ्यायचं की कर्ज काढून महिन्याची वर्गणी वाढवायची, एवढाच निर्णय बाकी होता. असोसिएशनचं म्हणजे शेवटी आपलंच. ते बिल घराच्या नव्या मालकाच्या नावाने येणार होतं, आणि घराची किंमत मात्र छप्पर धड असल्यासारखी लावलेली होती.

आम्ही सेलरकडे किमतीत सूट मागितली. त्याने नकार दिला. अटर्नीने मुदतीत पत्र पाठवलं, डिपॉझिट परत आलं. इन्स्पेक्शनची अट काढली असती तर घर घ्यावं लागलं असतं, नाहीतर डिपॉझिटवर पाणी सोडावं लागलं असतं.

म्हणून माझं सांगणं असं की टाउनहोमची तपासणी दोन जागी होते. एक घरात, शिडी आणि टॉर्च घेऊन. दुसरी असोसिएशनच्या कागदांत. बहुतेक लोक पहिलीवर थांबतात. इन्स्पेक्टर फक्त दिसतं ते पाहतो. गंगाजळी रिकामी आहे हे त्याला दिसणार नाही. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या वार्षिक सभेत सिंकिंग फंडावरून झालेली भांडणं ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. तरी इथे आल्यावर महिन्याची वर्गणी किती एवढंच आपण विचारतो. वर्गणी कमी असेल तर खूश होतो. वर्षानुवर्षं कमी ठेवलेली वर्गणी हा माझ्या मते सावध व्हायचा पहिला इशारा आहे.

आता एक कागद जरूर मागा: रिझर्व्ह स्टडी. २४ जून २०२१ला फ्लोरिडात सर्फसाइड इथल्या बारा मजली इमारतीचा मोठा भाग रात्रीतून कोसळून ९८ माणसं गेली. त्यानंतर न्यू जर्सीने जानेवारी २०२४मध्ये कायदा केला. छप्पर, रस्ते, भिंती यांचं आयुष्य किती उरलंय आणि बदलायला किती पैसे लागतील याचा अभ्यास असोसिएशनने पाच वर्षांतून एकदा तरी करून घ्यायचा आणि त्याप्रमाणे पैसे साठवायचे. अगदी लहान असोसिएशन सोडल्या तर हे टाउनहोमच्या वसाहतींनाही लागू आहे. 'अजून झालेला नाही' असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. सेलरने घराच्या स्थितीचं आणि पुराच्या इतिहासाचं लेखी निवेदन देणंही २०२४पासून बंधनकारक आहे. ते नीट वाचा, पण इन्स्पेक्शनऐवजी त्यावर विसंबू नका. सेलरला जे माहीत नाही ते त्यात नसतं.

मालकी कोणत्या प्रकारची हेही सुरुवातीलाच विचारा. दिसायला सारखी असलेली दोन टाउनहोम्स कायद्याने अगदी वेगळी असू शकतात. एकात बाहेरचं सगळं असोसिएशनचं आणि तुमचं ते भिंतींच्या आतलं. दुसऱ्यात, ज्याला फी सिंपल म्हणतात त्यात, छप्पर, साइडिंग आणि खालची जमीनही तुमची. विमा त्यावर ठरतो, आणि इन्स्पेक्टरने बाहेर किती वेळ घालवायचा तेही. तरी असोसिएशनचं छप्पर असेल तेव्हा 'ते तपासू नका' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आमच्या बाबतीत सगळं तिथूनच उलगडलं.

पुढे आम्ही जे घर घेतलं त्यात रेडॉन निघाला. हा वायू जमिनीतून येतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचं नाव येतं. १९८४मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणाऱ्या स्टॅन्ली वॉट्रस यांच्या अंगावरच्या किरणोत्सर्गामुळे तिथले अलार्म वाजू लागले. केंद्र अजून सुरूही झालेलं नव्हतं. किरणोत्सर्ग ते स्वतःच्या घरातल्या रेडॉनमुळे अंगावर घेऊन येत होते. त्यांचं घर ज्या खडकाच्या पट्ट्यावर होतं, तोच न्यू जर्सीच्या वायव्य भागातून जातो. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त निघालं तर उपाय करा, असं पर्यावरण संस्था ईपीए सांगते. चाचणी किमान ४८ तास चालते, त्या काळात आणि आधीचे १२ तास खिडक्या बंद हव्यात. इथेही शेजाऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका. भिंत एक असली तरी दोन घरांचे आकडे वेगळे येतात. आमच्या सेलरने स्वखर्चाने पाइप आणि पंखा बसवून दिला, आणि नंतरच्या चाचणीचा रिपोर्ट आम्ही मागून घेतला.

करड्या रंगाचे प्लास्टिकचे पाइप दिसले तर इन्स्पेक्टरला थांबवून विचारा. १९७८ ते १९९५च्या दरम्यान वापरलेले पॉलिब्यूटिलीनचे पाइप पाण्यातल्या क्लोरीनने आतून खराब होतात, आणि काही विमा कंपन्या अशा घराचा विमा उतरवायला कां-कूं करतात. डेकची फळी घराच्या भिंतीला नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली नसावी, बोल्ट हवेत. वाळवीची तपासणी वेगळी सांगावी लागते, ती विसरू नका.

आणि स्वयंपाकघर. हे इन्स्पेक्टर सांगणार नाही, म्हणून मी सांगते. शेगडीवरचा हूड धूर बाहेर टाकतो की फिल्टरमधून पुन्हा आपल्याच तोंडावर सोडतो, ते चालवून बघा. मधल्या घरांत बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि फोडणीचा, तळणीचा वास पडद्यांत बसतो. बाहेर नळी काढायची तर असोसिएशनच्या आर्किटेक्चरल कमिटीची परवानगी लागते, आणि ती मिळेलच असं नाही. आम्ही नियमावलीत आधी ते पाहिलं, मग घर घेतलं. दारावरच्या पाटीपासून डेकवरच्या कुंड्यांपर्यंत सगळ्यावर नियम असू शकतात. ट्विन रिव्हर्सच्या रहिवाशांनी पाट्यांवरच्या निर्बंधांविरुद्ध थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली होती. २००७मध्ये निकाल असोसिएशनच्या बाजूने लागला.

बेसमेंट नीटनेटकं सजवलेलं असेल तर टाउनशिपचं परमिट होतं का ते शोधा. विनापरमिट काम निघालं तर ते निस्तरायचं काम घराबरोबर तुमच्याकडे येतं. ओप्रा या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली टाउनशिपकडे त्या पत्त्याच्या सगळ्या परमिटांची मागणी साध्या फॉर्मवर करता येते. उत्तराला कामकाजाचे सात दिवस लागू शकतात आणि तुमच्या इन्स्पेक्शनची मुदत तोवर संपत आलेली असते. अटर्नीच्या छाननीला करार झाल्यापासून कामकाजाचे तीनच दिवस मिळतात. तेव्हा ऑफर मान्य झाल्याचा फोन आला की त्याच संध्याकाळी तो फॉर्म पाठवा, असोसिएशनकडे इतिवृत्तं मागा, आणि इन्स्पेक्टरची वेळ पक्की करताना त्याला आधी विचारा: ॲटिकमध्ये स्वतः चढता का?