बाटली घेण्याआधी

राजुरा, जि. चंद्रपूर

चि. सुमेध,

तुझा निरोप आणि बाटलीचे फोटो मिळाले. शातो मुताँ रोत्शिल्ड, साल २००९, लेबलावर अनिश कपूरचं चित्र. आपल्या मुंबईत जन्मलेल्या माणसाचं चित्र बोर्डोच्या बाटलीवर, म्हणून जीव जडला असेल. विकणारा लाखाच्या वर मागतोय आणि पाच वर्षांत दुप्पट होतील म्हणतोय. माझी सगळी नोकरी उत्पादन शुल्क खात्यात गेली, तेव्हा चार शब्द ऐकून घे.

मालाला नावं ठेवायला जागा नाही. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या लाल वाइनची प्रतवारी लागली, तेव्हा मुताँ दुसऱ्या प्रतीत होती. १९७३ मध्ये ती पहिल्या प्रतीत गेली. अशी बढती त्या यादीत दुसऱ्या कोणाला मिळालेली नाही.

पण जुन्या वाइनचे पैसे येतात ते ती कुठे आणि कशी राहिली याच्या कागदांवर. अंधार, बारा-तेरा अंश तापमान, बाटली आडवी, बूच सतत ओलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो, आणि दुपारी लाइट गेली की तुझ्या मामीचं लोणचंसुद्धा फसफसतं! उन्हाळ्यात आतली वाइन फुगते, बूच वर ढकलते आणि काचेवरून चिकट ओघळ येतो. तुझ्या तिसऱ्या फोटोत मानेवरचं आवरण मध्यभागी किंचित फुगलेलं दिसतंय. वाइनची पातळी मानेत हवी. एवढ्या नव्या बाटलीत ती खांद्यावर उतरली असेल तर हात लावू नकोस. परदेशातली जाणती गिऱ्हाइकं तर बाटली घरी आणतच नाहीत, बंदिस्त गोदामात ठेवतात आणि तिथूनच विकतात.

फसवणुकीचं म्हणशील तर मोठमोठे फसलेत. १९८५ मध्ये लंडनच्या क्रिस्टीजच्या लिलावात १७८७ ची, बोर्डोचीच लाफीत म्हणून एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना गेली. काचेवर अमेरिकेचे एके काळचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांची आद्याक्षरं कोरलेली. फोर्ब्स घराण्याने ती घेतली आणि दिव्यांच्या झोतात मांडून ठेवली. बूच सुकलं आणि आत पडलं. ती बाटली लिलावात आणणाऱ्या विक्रेत्याच्याच हातून आलेल्या अशाच बाटल्या बिल कोक नावाच्या अमेरिकन धनाढ्याकडे होत्या. त्याने तज्ज्ञ लावले, तेव्हा ती अक्षरं विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरल्याचं त्यांनी सांगितलं. पुढे रुडी कुर्नियावान नावाचा एक जण तर घरात बसून साध्या वाइनची भेसळ करून जुन्या बाटल्या तयार करायचा. २०१४ मध्ये त्याला अमेरिकेत दहा वर्षांची शिक्षा झाली. या लोकांपुढे तुझा व्हॉट्सअॅपवरचा विक्रेता किस झाड की पत्ती.

आता माझ्या खात्याची गोष्ट. समजा बाटली अस्सल निघाली, तरी विकशील कुठे? दारूबंदी कायद्याचं कलम ६५ परवान्याशिवाय दारू विकणाऱ्याला धरतं आणि घेणाऱ्यालाही. बाटली जुनी आहे, चित्राची आहे, ही सबब तिथे चालत नाही. आपल्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी होती, २०२१ मध्ये उठली. म्हणून लोकांना वाटतं आता सगळं मोकळं झालं. मोकळी झाली ती परवान्याची दुकानं, परवान्याशिवायची विक्री नव्हे. गडचिरोलीत तर १९९३ पासून बंदी आहे. तिथल्या आत्याला दाखवायला घेऊन गेलास तर बाटलीसकट ठाण्यात बसशील.

विक्रेत्याकडे आयात-शुल्काची पावती माग. पावती नसेल तर तो माल चोरवाटेने आलाय असं धरून चाल. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के शुल्क होतं, त्यामुळे ते बुडवणारे पुष्कळ.

पिण्याला माझी हरकत नाही, तू पंचविशी ओलांडलीस. नाशिकची चांगली लाल वाइन परवान्याच्या दुकानातून, बिल घेऊन आण आणि त्याच आठवड्यात संपव. ही बाटली मात्र घेऊ नकोस. इसार दिला असशील तर तो बुडाला समज, पण उरलेले पैसे देऊ नकोस. काय ठरवलंस ते रविवारच्या आत फोन करून सांग.

तुझा,
मामा