जुनी डिझेल इस्टेट गाडी : खरेदीपूर्वीची पारख

‘पाण्यात म्हैस, वर मोल’ अशी एक जुनी म्हण आहे. जनावर पाण्यात डुंबत असता, त्याचे पाय, कास, दात काही न पाहता काठावर उभे राहून सौदा ठरवणारा माणूस शहाणा म्हटला जात नाही. परंतु हाच माणूस जुनी मोटार घेताना मात्र चकचकीत रंग आणि नवे सीटकव्हर पाहून वर्षाची पुंजी मोकळी करतो. जामसंडे-देवगड परिसरात ही पुंजी बहुधा आंब्याच्या एका हंगामाची असते. म्हणून या व्यवहाराकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

माणसे बसूनही मागे सामानाला प्रशस्त जागा उरते, अशा लांब गाडीला ‘इस्टेट’ म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात असा प्रयोग पुण्याच्या टेल्को कारखान्याने केला. १९९२ साली ‘टाटा इस्टेट’ आली; तिला १९४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन होते. पुढे २००४ मध्ये त्याच कंपनीची ‘इंडिगो मरीना’ आली. या दोन्ही गाड्यांचे उत्पादन आता बंद आहे. त्यामुळे अशी गाडी घेणाराने ‘सुटे भाग कोठे मिळतील?’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

आता डिझेल इंजिनाचे वर्म पाहू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. जुन्या इंजिनात हवा सुमारे विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. त्या दाबाने ती पाचशे अंशांहून अधिक तापते आणि तीत नोझलने डिझेलचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. तेव्हा दाब आणि फवारा हे या इंजिनाचे दोन प्राण होत. बहुतेक दुखणी यांपैकी एकाच्या बिघाडातून उद्भवतात.

म्हणूनच पहिली परीक्षा थंड इंजिनावर घ्यावी. सकाळी जावे आणि आधी बॉनेटला हात लावून पाहावा. तो कोमट लागला, तर गाडी आपल्यासाठी मुद्दाम गरम करून ठेवली आहे असे समजावे. गरम इंजिन आपले दोष लपवते. थंड इंजिन खरे बोलते. किल्ली फिरवल्यावर सेल्फ बराच वेळ घरघरत राहिला, तर हीटर प्लग, बॅटरी, नोझल किंवा झिजलेल्या रिंगा यांचा संशय घ्यावा.

दुसरी परीक्षा धुराची. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी : तुंबलेला एअर फिल्टर, खराब नोझल किंवा थकलेला टर्बो. आपल्या लाल मातीच्या रस्त्यांवर फिल्टर लवकर भरतो, हेही ध्यानात ठेवावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा किंवा टर्बोचे सील गेले असण्याचा संभव असतो. पांढरा धूर थंडीत क्षणभर आला तर चिंता नको. पण इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा खर्च पुढ्यात आहे असे समजावे. मरीनासारख्या गाडीत टायमिंग बेल्ट असतो. तो चालत्या इंजिनात तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठे नुकसान होते. बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करून मागावा.

तिसरी परीक्षा किनाऱ्याची. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला आतून खातो. पायाखालचे मॅटिंग उचलून, दाराच्या खालच्या कडा व चाकांवरचा भाग बोटांनी ठोकून पाहावा. खालून नुकताच काळा लेप दिलेला असेल, तर तो कशावर दिला आहे हे विचारावे. गाडीने पेट्या वाहिल्या असतील, तर मागचे पाटे किंवा स्प्रिंगा दबलेल्या दिसतात. फोंडा-गगनबावड्याचे घाट चढउतार केलेल्या गाडीचे क्लच आणि ब्रेक चढणीवर व उतारावर चालवूनच कळतात.

नव्या डिझेल गाड्यांचे दुखणे मात्र निराळे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी सर्वसाधारण झाली. साचलेली काजळी जाळण्यास इंजिन काही वेळ सलग, चांगल्या वेगाने चालावे लागते. जामसंड्याहून देवगडच्या बाजारात जाऊन परत यायचे, एवढाच ज्याचा रोजचा प्रवास, त्याची गाळणी तुंबते. अर्धवट राहिलेल्या ज्वलनातले डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्येही उतरते. ऑइलची पातळी खुणेच्या वर आणि तिला डिझेलचा वास, ही त्याची खूण. ज्याला आठवड्यातून दोनदा नांदगाव तिठा ओलांडून कणकवली-कोल्हापूर गाठायचे आहे, त्याला डिझेल परवडेल. इतरांनी पेट्रोलचा विचार आधी करावा.

शेवटची परीक्षा कागदांची. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती वाढवावी लागते. गोव्यातील गाडी स्वस्त वाटली, तरी तेथील ना हरकत दाखला आणि आपल्या राज्याचा कर हिशेबात धरावा. गाडीवर कर्जाचा बोजा आहे काय, हे आर.सी. बुकात पाहावे. नावबदल लांबणीवर टाकणे विकणाऱ्यालाही घातक आहे. गाडी अनेक हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात दिला आहे.

सारांश, जुनी गाडी वाईट नसते; न पाहिलेली गाडी वाईट असते. ओळखीचा मेस्त्री सोबत न्यावा, त्याचा दिवसाचा मेहनताना आनंदाने द्यावा आणि सगळे पैसे खरेदीतच न घालता काही दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत. आधी म्हैस पाण्याबाहेर काढावी. मग मोलाचे बोलावे.