बर्फाचा अंदाज इतका अवघड का?

वेधशाळेचा पावसाचा अंदाज चुकला की आपल्याकडे सगळे हसतात. बर्फाचा अंदाज त्याहून अवघड असतो. आपल्यापैकी अनेकांना पुढे हिमालयात ड्यूटी करायची आहे, म्हणून मी हा विषय निवडला.

हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राकडून येतात. उपग्रहांमुळे ते काही दिवस आधीच कळतात. पण कोणत्या डोंगरावर किती बर्फ पडेल, हे सांगणे कठीण असते. उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते. म्हणजे तापमानाचा अंदाज १ अंशाने चुकला, तरी पाऊस आणि बर्फ यांची सीमा सुमारे १५० मीटर वर किंवा खाली सरकते. खालच्या गावात पाऊस आणि वरच्या वस्तीत बर्फ, असे होते ते यामुळेच.

हिमस्खलनाचे गणित आणखी किचकट आहे. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर धोका सर्वांत जास्त. जुन्या बर्फातला एखादा कच्चा थर नव्या बर्फाचे ओझे पेलू शकला नाही, की वरचा बर्फ घसरतो. हा थर वरून दिसत नाही. त्यामुळे इशारा एका उतारासाठी न देता मोठ्या भागासाठी द्यावा लागतो.

२७ फेब्रुवारी २०२५ रोजी चंदीगडच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने उत्तराखंडमधील पाच जिल्ह्यांत २४०० मीटरच्या वरच्या भागासाठी २४ तासांचा इशारा दिला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी माणा गावाजवळ रस्ते कामगारांच्या कॅम्पवर हिमस्खलन झाले. ५४ जण अडकले. लष्कर आणि आयटीबीपीच्या जवानांनी ४६ जणांना वाचवले; ८ जण गेले.

पाच जिल्ह्यांतून नेमका कोणता उतार सुटेल, हे कोणीच सांगू शकत नव्हते. सारखे इशारे दिले तर लोक कंटाळतात. खात्री होईपर्यंत थांबले तर उशीर होतो.

मला वाटते, म्हणूनच इशारा ऐकणाऱ्याचेही काम असते. भाग कोणता, उंची किती, मुदत कधीपर्यंत, हे तिन्ही नीट वाचावे. आपण त्यात येत असू, तर उताराखालून वेळेत हलावे. बर्फ आला नाही, तर एक रात्र दुसरीकडे काढली, एवढेच नुकसान.