पोरी, रंग नको, कातडी जप

"ताई, चेहरा फार रापला गं, काय लावू?" दर उन्हाळ्यात तुझं हेच असतं. ये, बस. आज निवांत सांगते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. सावळेपणा हा आजार नाही आणि त्यावर इलाजही करायचा नाही. आपल्या कातडीत जो रंग आहे ना, तो आपला रखवालदार आहे. उन्हातले अतिनील किरण तो बऱ्यापैकी अडवतो, म्हणून तर गोऱ्या कातडीच्या लोकांपेक्षा आपल्याकडे कातडीचा कॅन्सर खूपच कमी दिसतो. पण सगळंच काही त्याच्याच्याने होत नाही. गालांवर वांग येतं, मानेवर काळे चट्टे पडतात, चाळिशीच्या आत कपाळावर आठ्या कोरल्या जातात, कातडी जाड आणि खरखरीत होते. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर व्हायलाही ऊन कारण ठरतं. जपायचं ते यासाठी. कुणी 'काळी पडलीस' म्हणतं म्हणून नाही.

आता उन्हाचं ऐक. आपण ऊन ओळखतो ते चटक्यावरून, आणि तिथंच फसतो. चटका देणारी उष्णता वेगळी आणि कातडी बिघडवणारे किरण वेगळे. ते किरण ना दिसतात, ना जाणवतात. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, उंचावर आहे. तिथं मलकापूर-खामगावपेक्षा हवा गार लागते. म्हणून तिकडच्या पोरी म्हणतात, आमच्याकडे कुठं एवढं ऊन! पण हवा गार असली म्हणून किरण कमी होत नाहीत, उंचावर तर ते थोडे जास्तच असतात. ढगाळ दिवसाचंही तसंच, पातळ ढगांतून बरेच किरण खाली येतात. आणि एसटीत खिडकीची काच ओढून बसलीस तरी सुटका नाही. कातडी भाजणारे यूव्हीबी किरण काच अडवते, पण डाग आणि सुरकुत्या आणणारे यूव्हीए काचेतून आत येतात.

मग ऊन कधी वाईट हे ओळखायचं कसं? त्याला मोबाइल लागत नाही. स्वतःची सावली बघ. सावली तुझ्या उंचीपेक्षा लांब असेल तर किरण तिरपे आणि सौम्य. सावली तुझ्यापेक्षा आखूड झाली की झाकून घ्यायची वेळ झाली. उन्हाळ्यात ही वेळ साधारण सकाळी नऊ-साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत असते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. मे महिन्यात 20 तारखेच्या आसपास लोणारला आणि 26 तारखेच्या आसपास वर जळगाव जामोदला दुपारी सव्वाबारा-साडेबाराला सावली पायाखाली गडप होते. तसाच दिवस पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. तेव्हा आभाळ भरलेलं असतं, निंदण चाललेलं असतं आणि ऊन कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. म्हणून पावसाळ्यातही मान उघडी टाकू नकोस.

झाकायचं कशानं, हे आपल्या आयांना कधीच कळलंय. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया बघ. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, कॉलर वर केलेली, डोक्याला रुमाल आणि त्यावरून पदर. यापेक्षा चांगला पोशाख दुकानातही मिळत नाही. कॉलेजातल्या पोरींना तो शर्ट घालायची लाज वाटते, ती सोडून दे. फक्त कापड पारखून घे. शर्ट उन्हासमोर धर. आरपार उजेड दिसला तर किरणही तसेच आत येणार. धुऊन धुऊन विरलेलं पांढरं कापड कमी अडवतं, दाट विणीचं गडद कापड जास्त. घामानं भिजलेला सुती कपडा तर कोरड्यापेक्षाही कमी अडवतो, म्हणून दुपारी जमलं तर बदल. स्कूटीवर तू स्कार्फ बांधतेस तेव्हा डोळे सोडून सगळा चेहरा झाकतेस, पण मानेची मागची बाजू आणि हातांचे पंजे उघडेच राहतात. तिथलेच डाग मग वर्षानुवर्षं जात नाहीत. हातमोजे घाल, स्कार्फचं टोक मागं मानेवर घे आणि डोळ्यांना चांगला गॉगल लाव.

देऊळगाव राजाकडं बियाण्यांच्या प्लॉटवर क्रॉसिंगला, म्हणजे हातानं परागीकरण करायला, जाणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, आम्ही तर शेडनेटमध्ये असतो, आम्हाला कसलं ऊन! अगं, पन्नास टक्क्यांची जाळी म्हणजे निम्मं ऊन आत येतंच. त्यात दिवसभर मिरची-टोमॅटोच्या फुलांवर मान खाली घालून उभं राहायचं, म्हणजे मानेवर सगळा मारा. जाळीत असलीस तरी कॉलर वर आणि रुमाल मानेवर हवाच.

आता तुझं ते सनस्क्रीन. ते कापडानंतर येतं, कापडाऐवजी नाही. घेणार असशील तर एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा पीए तीन प्लस लिहिलेलं घे. एसपीएफ 30 नीट लावलं तर यूव्हीबीचे 97 टक्के किरण अडवतं, 50 वालं 98 टक्के. म्हणजे जास्त आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात फार अर्थ नाही, अर्थ आहे तो पुरेसं लावण्यात. तू मुगाएवढं घेऊन चेहराभर पसरवतेस, त्यानं काही होत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ काढ, तेवढं चेहरा, कान आणि मान मिळून लागतं. घराबाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लाव आणि उन्हातच राहणार असशील तर दोन तासांनी पुन्हा लाव. एवढं परवडत नसेल तर मनाला लावून घेऊ नकोस. शर्ट, रुमाल आणि सावली यांनी तुझं बहुतेक काम भागतं.

आता जे सांगते ते नीट ऐक. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जायचं नाही. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते, फोड येतात आणि काळे डाग उरतात. दुसरं, 'आठ दिवसांत गोरी' करणारं, नाव-पत्ता नसलेलं क्रीम पार्लरमधून किंवा कुणाच्या सांगण्यावरून घ्यायचं नाही. आपल्या शेजारच्या अकोल्याची बातमी 2023 मध्ये आली होती. एकाच घरातल्या मायलेकींनी तसलं क्रीम लावलं आणि तिघींच्याही किडन्यांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंग दाबतो आणि कातडीतून शरीरात जातो. तिसरं, मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची मलमं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, गालावर लव वाढते आणि मलम सोडलं की आग आग होते. 2018 मध्ये सरकारनं अशी कितीतरी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी मागितली की मिळतात. तू मागू नकोस. वांग असेल, विशेषतः बाळंतपणानंतर आलेलं, तर त्वचेच्या डॉक्टरला दाखव. औषध चालू असतानाही ऊन टाळलं नाही तर ते परत येतं, हेही ध्यानात ठेव.

चेहरा, मान, कोपराची खोबण, पापण्या खाजून लाल होत असतील तर त्याला उन्हाची अॅलर्जी समजून बसू नकोस. बांधावरचं गाजरगवत असू शकतं. त्याचे कण हवेतून कातडीवर बसतात, खाज सुटते आणि ऊन लागलं की त्रास वाढतो. ते उपटताना हातमोजे आणि तोंडाला कापड हवंच. घरी आल्यावर हातपाय, मान धू आणि कपडे वेगळे धुवायला टाक.

या सगळ्यानं घाबरून घरात कोंडून घेऊ नकोस. हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व ऊनच देतं. येता-जाता हातापायांवर थोडा वेळ पडणारं ऊन हवं, तासन् तास तळून निघणं नको. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला सनस्क्रीन लावायचं नाही, त्याला सावली आणि अंगभर सुती कपडे. घरात कुणाला कोड असेल तर त्या पांढऱ्या डागांना रखवालदारच नसतो, त्यांना आधी झाक.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्वतःच्या शेतात असलीस तर वेळ तुझ्या हातात असते, रोजानं गेलीस तर नसते. सोंगणी असो की वेचणी, सकाळी लवकर लागायचं, दुपारी बारा ते तीन सावलीत बसायचं आणि उन्हं उतरल्यावर पुन्हा हात चालवायचे, हे मालकालाही परवडतं. उन्हानं थकलेल्या बाया संध्याकाळी कमीच वेचतात, हे त्यालाही ठाऊक आहे. पण एकटीनं सांगायला जीव दबतो, आणि एकटीचं कुणी ऐकतही नाही. म्हणून तू बायांना एकत्र कर आणि रोज ठरवतानाच दुपारच्या सुट्टीचं ठरवून घ्या. क्रीमवर जेवढा विचार करतेस, त्याच्या निम्मा जरी या बोलण्यावर केलास, तर तुझ्याबरोबर दहा जणींची कातडी वाचेल.