सुटं गाणं आणि अख्खा अल्बम



रामनवमीच्या दिवसांत आपल्या नाशिकच्या पंचवटीत फिरलात, तर कुठून ना कुठून 'गीतरामायणा'तलं एखादं गाणं कानावर येतंच. वर्गात मी विचारलं, "हे कोणाकोणाला माहीत आहे?" बरेच हात वर झाले. "सगळी गाणी ओळीने कोणी ऐकलीत?" एकही हात वर नाही. एकजण म्हणाला, "बाई, मी तीन डाउनलोड केलीत. बाकीची कशाला?" आजचा पाठ त्या 'बाकीच्यां'बद्दल आहे.

अल्बम हा शब्द कुठून आला?

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावत असे. मोठ्या रचनेला अनेक तबकड्या लागत. त्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकत. नाव तिथून आलं. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली. तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं मावू लागली. पुढे कॅसेट आली, सीडी आली. कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर, हे करणाऱ्यांनी विचार करून ठरवलेलं असे. कॅसेट पुढे पळवणं कटकटीचं, म्हणून न आवडलेलं गाणंही ऐकलं जाई. चार वेळा ऐकल्यावर कधीकधी तेच आवडू लागे! डाउनलोड आलं आणि प्रत्येक गाणं सुटं झालं.

क्रमाने काय मिळतं?

ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या आणि सुधीर फडक्यांनी संगीत दिलेल्या 'गीतरामायणा'त ५६ गाणी आहेत. माणूस किती पराधीन आहे हे सांगणारं रामाचं गाणं त्यांत सर्वांत प्रसिद्ध. शोकसभेतही ते लावतात. सुटं ऐकलं तर ते शांत तत्त्वज्ञान वाटतं. आता ओळीने ऐका. आधी दशरथाचा मृत्यू. मग भरताचा कैकेयीवरचा संताप. मग सैन्य घेऊन येणाऱ्या भरताबद्दल लक्ष्मणाचा संशय. एवढं सगळं पेटलेलं असताना राम ते गाणं म्हणतो, तेही भावाला समजावण्यासाठी. ज्याचे वडील गेले, तोच दुसऱ्याला धीर देतोय! आणि भरताचं समाधान झालं का? पुढच्याच गाण्यात तो स्वतःला पोरका म्हणतो आणि पादुका मागतो. म्हणजे उपदेश ऐकला, पण दुःख काही गेलं नाही. हे माणसाचं मन नुसत्या एका गाण्यात सापडत नाही. त्यानंतरच्या गाण्यात शूर्पणखा येते आणि आपण थेट आपल्या पंचवटीत पोचतो.

आणखी एक गंमत बघा. शेवटच्या गाण्यात वाल्मीकी कुश-लवांना रामायण गायला सांगतात. पहिल्या गाण्यात कुश-लव रामासमोर गात असतात. म्हणजे शेवट पुन्हा सुरुवातीला येऊन मिळतो. तीन गाणी डाउनलोड करणाऱ्याला हे वर्तुळ दिसणार कसं?

मग डाउनलोड वाईट का?

मुळीच नाही. पूर्वी तबकड्यांचा संच सगळ्यांना परवडत नसे. आज तो गरीब घरातल्या मोबाईलवरही ऐकता येतो. शिवाय सुटं ऐकणं नवीन नाही. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा आठवड्याला एकच नवं गाणं मिळत असे. त्या वर्षी अधिक महिना होता, म्हणून ५६ आठवडे ते चाललं. पण त्या श्रोत्यांना क्रम मिळत होता आणि पुढच्या गाण्याची वाट पाहणंही. दोष यंत्राचा नाही. क्रम आपण सोडला, तो आपणच परत धरू शकतो. २०२१ मध्ये अडेल या गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर शफलचं बटण पुढे ठेवणं बंद केलं. कलाकारालाही आपला क्रम मोलाचा वाटतो, तो असा.

स्वाध्याय

१. या रविवारी शफल बंद करून 'गीतरामायणा'तली सलग पाच गाणी ऐका. मधे मोबाईल हातात घेऊ नका.
२. प्रत्येक गाणं कोण, कोणाला उद्देशून म्हणतं, ते एका ओळीत लिहा.
३. पाचातलं एक गाणं वगळलं तर गोष्टीतलं काय हरवेल?
४. घरातल्या मोठ्यांना विचारा: कॅसेटची बाजू उलटताना पुढचं गाणं त्यांना आधीच आठवायचं का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहिलं नाही तरी चालेल. पण ऐकताना त्यांचा चेहरा मात्र बघा.