पहिल्या वर्षाच्या गणिताआधी अकरावीचं पुस्तक

लेकरांनो, उस्मानपुऱ्यातल्या शासकीय अभियांत्रिकीत प्रवेश मिळो, सिडकोत एमजीएमला मिळो की विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला, पहिल्या वर्षी कॅल्क्युलस कुणाला चुकत नाही. त्यात विषय राहिला, तर तो बहुधा कॅल्क्युलसमुळे राहत नाही. नियम बरोबर लावलेला असतो, खालच्या ओळीत अपूर्णांक चुकलेला असतो.

वर्गमूळ एक्सचं डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढून पाहा. अंशात दोन वर्गमुळांची वजाबाकी, छेदात एच. एच शून्य ठेवलं की शून्य भागिले शून्य. म्हणून अंश-छेदाला त्याच वर्गमुळांच्या बेरजेनं गुणायचं. अंशात नुसता एच उरतो, छेदातल्या एचबरोबर उडतो, आणि उत्तर येतं एक छेद दोन वर्गमूळ एक्स. लिमिट फक्त शेवटच्या ओळीत लागली. बाकी सगळं नववीच्या करणींचं गणित.

बेरजेतलं पद उडवू नका, उडतो तो अवयव. अ वर्ग अधिक ब वर्ग यांचं वर्गमूळ अ अधिक ब नसतं. शंका आली की आकडे घाला: ३ आणि ४ घेतले तर वर्गमूळ ५ येतं, ७ नाही. पूर्ण वर्ग करायची सवयही ठेवा. एक्स वर्ग अधिक सहा एक्स अधिक १३ म्हणजे एक्स अधिक ३ चा वर्ग अधिक ४, हे दिसलं तरच एक भागिले त्या राशीचं इंटिग्रेशन टॅन इन्व्हर्सकडे जातं.

मला खरी काळजी अकरावीची वाटते. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, त्यात अकरावीचा वाटा साधारण २० टक्के. म्हणून ते वर्ष बारावीच्या घाईत वाहून जातं. शिवाय तिथं पर्याय समोर असतात, पायऱ्या कुणी मागत नाही. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकेत पायऱ्यांनाच गुण आहेत. आणि इंटिग्रेशनला लागणारी जवळजवळ सगळी त्रिकोणमिती अकरावीतच शिकवलेली असते.

सूत्रांचे तक्ते भिंतीला लावून घोकू नका. ए अधिक बी चे साइन आणि कोसाइन एवढी दोनच पक्की करा. बी च्या जागी ए घातला की दुप्पट कोनाची सूत्रं हातात येतात. त्यावरून साइन वर्ग म्हणजे एक वजा कॉस टू ए, भागिले दोन. साइन वर्गाचं इंटिग्रेशन यावरच होतं. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा. डिग्रीवर राहिला तर साइन एक्स भागिले एक्सची लिमिट १ ऐवजी ०.०१७४५ कडे जाईल.

आधी पाया, मग कॅल्क्युलस, हा क्रम जुनाच आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवी लागते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढला. तसा शिलालेख आहे. त्यांच्या ११५०च्या सिद्धान्तशिरोमणीचा क्रम बघा: आधी लीलावती, मग बीजगणित, आणि ग्रहाची तात्कालिक गती त्यानंतर ग्रहगणितात. कॅल्क्युलसच्या जवळ जाणारा विचार त्यांनी मांडला, पण बीजगणित आधी ठेवून. आपल्या भागातल्या पोरांना हे माहीत असायलाच हवं.

रोज अर्धा तास कोऱ्या कागदावर सोडवा, उत्तर झाकून. चुकलेली ओळ शोधा आणि वहीच्या मागच्या पानावर चुकीची जात लिहा: चिन्ह, कंस, अपूर्णांक की सूत्र. थोड्याच दिवसांत एकच जात पुन्हा पुन्हा दिसेल. तेवढीच गणितं मग जास्त करा. व्हिडिओ बघून समजल्यासारखं वाटतं, हात मात्र तयार होत नाही.

बालभारतीच्या अकरावी गणित भाग १ ची पहिली तीन प्रकरणं कोनमापन आणि त्रिकोणमितीचीच आहेत. पुस्तक रद्दीत गेलं असेल तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते, नाही तर औरंगपुऱ्यातल्या दुकानांत विचारा. कॉलेज सुरू व्हायच्या आत ती तीन प्रकरणं सोडवून टाका.