हरवलेली रिळे

मुलांनो, कोणतीही नवी गोष्ट लोकांपुढे मांडण्यापूर्वी तिचा एक नमुना करून पाहावा, ही रीत फार जुनी आहे. नाटक मंडळ्या पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम करीत. दूरचित्रवाणीवर प्रश्नमंजुषेसारखा एखादा कार्यक्रम सुरू करावयाचा असला, म्हणजे त्याचा एकच भाग आधी चित्रित करतात आणि पैसे घालणाऱ्या मंडळींस दाखवितात. त्यांच्या तो मनास आला, तरच पुढील भाग तयार होतात. पुढे कार्यक्रम नावारूपास येतो, घरोघरी पाहिला जातो. पण तो पहिला नमुना मात्र कोठल्या तरी फडताळात पडून राहतो, नाहीतर नाहीसा होतो.

नाहीसा का होतो, याचे कारण अगदी साधे आहे. ज्या फितीवर कार्यक्रम टिपला जाई, ती फीत महाग असे. जुने पुसून त्याच फितीवर नवे टिपता येत असे. त्यामुळे काम झाले, की फीत पुन्हा वापरावयास काढीत. अमेरिकेत १९६४ पासून १९७५ पर्यंत ‘जेपर्डी’ नावाची एक प्रश्नमंजुषा चालली होती. तिच्या हजारो भागांपैकी फारच थोडे आज उरले आहेत. आपल्या देशात दूरचित्रवाणी दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाली. तेथीलही कितीतरी जुने कार्यक्रम याच कारणाने गेले.

दुसऱ्यांस नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. मी अहमदपूर तालुक्यातील एका शाळेत नवाच शिक्षक होतो, तेव्हाची गोष्ट. माझ्या आजीच्या जात्यावरील ओव्या मी एका कॅसेटवर टिपून घेतल्या होत्या. पुढे स्नेहसंमेलनाच्या गडबडीत कोरी कॅसेट मिळेना, म्हणून मी तीच पुढे केली आणि तिच्यावर लेझीमचे संगीत टिपले. संमेलन छान झाले. त्यानंतर दोन वर्षांनी आजी वारली. ती कॅसेट मी अजून ठेवली आहे; लावली की लेझीम वाजते.

आता आपल्या महाराष्ट्रातील एका फार मोठ्या हरवण्याची आणि थोड्याशा सापडण्याची हकीगत सांगतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या गिरगावात ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक चित्रपट त्यांनी पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर आणाव्यात, या एकाच विचाराने त्यांना पछाडले. १९१२ साली ते लंडनला गेले, तेथे कॅमेरा आणि इतर यंत्रे विकत घेतली आणि परत आले. यंत्रे तर आली, पण चित्रपटास लागणारे भांडवल कोठून आणावयाचे? हा गृहस्थ खरोखरच चित्रपट करू शकेल, यावर कोणाचा विश्वास बसेना.

तेव्हा फाळक्यांनी एक नमुना तयार केला. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोखून ठेवला आणि महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतले. ती सारी चित्रे भराभर पडद्यावर दाखविली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मातीतून अंकुर वर आला, त्याला पाने फुटली आणि वेल चढू लागली. महिन्याभराची वाढ मिनिटभरात उरकली! ते पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी फाळक्यांना कर्ज दिले. पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने दिले. शिवाय कच्च्या फितीच्या कडांना अंधारात छिद्रे पाडण्याचे कंटाळवाणे काम शिकून घेऊन तेही केले. (हे काम नाटकात किंवा गोष्टीत कोणी सांगत नाही, पण ते झाल्यावाचून फीत यंत्रातून पुढे सरकतच नाही.)

या खटपटीतून ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन या चित्रपटगृहात तो लोकांपुढे आला. दत्तात्रय दामोदर दबके हरिश्चंद्र झाले होते. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणास ती भूमिका देण्यात आली. रोहिदास झाला होता फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. चित्रपट चार रिळांचा होता आणि त्यात बोलणे ऐकू येत नसे. मधूनमधून अक्षरे दिसत, ती वाचावयाची.

फाळक्यांनी पुढे पुष्कळ चित्रपट काढले. परंतु १९३१ साली बोलपट आला आणि मूकपट कोणी पाहीनासे झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशिक येथे वारले. जुन्या रिळांना आता कोण विचारणार? त्या काळची फीत नायट्रेट नावाच्या द्रव्याची असे. ती एवढी ज्वालाग्राही, की एकदा पेटली म्हणजे पाण्यानेही विझत नाही. उष्ण, दमट हवेत ती आपोआप कुजते. प्रथम चिकट होते, मग तिची भुकटी होते. शिवाय तिच्यावरील लेपात चांदी असते. ती चांदी काढून घेण्यासाठी लोकांनी रिळेच्या रिळे मोडीत घातली. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतील जेमतेम तीस, आणि तेही बहुतेक तुकड्यातुकड्यांनी, आज शिल्लक आहेत. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपटही उरलेला नाही.

१९६४ च्या फेब्रुवारीत पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पुढल्याच वर्षी पी. के. नायर नावाचे तरुण गृहस्थ तेथे रुजू झाले. ते मूळचे तिरुवनंतपुरमचे. मराठी त्यांची मातृभाषा नव्हे. पण मराठी माणसाने मोडीत काढलेली रिळे शोधण्यासाठी त्यांनी जन्म वेचला. जुन्या निर्मात्यांची घरे, वितरकांची गोदामे, बंद पडलेली चित्रगृहे असे ते हिंडत राहिले. या शोधात फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे रीळ हाती आले. मधली दोन आली नाहीत. ‘लंकादहन’चा थोडासा तुकडा मिळाला. ‘कालियामर्दन’ या १९१९ च्या चित्रपटाचा मात्र मोठा भाग मिळाला. त्यात बाळकृष्णाचे काम फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केले आहे. १९९१ साली नायर निवृत्त झाले, तोवर संग्रहालयात सुमारे १२,००० चित्रपट जमले होते; त्यांपैकी ८,००० भारतीय होते.

येथे एक पेच आहे, तो तुमच्यापासून लपविणे बरे नव्हे. ‘राजा हरिश्चंद्र’ चांगला चालल्यावर फाळक्यांनी १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली. आपल्याजवळ जी दोन रिळे आहेत, ती १९१३ ची नसून १९१७ ची आहेत, असे काही जाणत्या अभ्यासकांचे मत आहे. ते खरे असेल, तर आपला पहिला चित्रपट अजून सापडलेलाच नाही. मला विचाराल तर ती रिळे १९१७ ची ठरली, म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. परंतु शोध मात्र संपलेला नाही, असे मानले पाहिजे.

आणि सापडण्याची आशा वेडगळ नाही. जर्मनीतील ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ च्या चित्रपटाचा मोठा भाग ऐंशी वर्षे बेपत्ता होता. तो २००८ साली समुद्रापलीकडे, अर्जेंटिनातील ब्युनॉस आयरिस शहरातील एका संग्रहालयात निघाला. आपला ‘बिल्वमंगल’ हा कलकत्त्यात १९१९ साली तयार झालेला मूकपट पॅरिसला मिळाला आणि २०१६ साली त्याची प्रत पुण्यास आली. उलट, ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच लागलेल्या आगीत जपून ठेवलेली कितीतरी नायट्रेटची रिळे जळून गेली. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फितीवर उतरवून घेतल्या होत्या, तेवढे चित्रपट वाचले.

आमच्या लहानपणी माळेगावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा पाहावयास मिळे. खेळ मोडला, की तुटलेल्या फितीचे तुकडे तंबूमागे पडलेले असत. आम्ही ते वेचून आणीत असू आणि उन्हात धरून त्यांतील माणसे पाहत असू. पाहून झाले, की टाकून देत असू. ते तुकडे कोणत्या चित्रपटाचे होते, हे विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही.

वाटाण्याच्या वेलाची ती मिनिटभराची फीत, जिच्यावाचून पुढचे काहीच घडले नसते, आज उपलब्ध नाही. ‘हरिश्चंद्रा’चे पहिले रीळ मात्र पुण्यास सुरक्षित आहे. पडदा उजळतो, तेव्हा राजा आपल्या मुलास धनुष्य कसे धरावे ते शिकवीत असतो आणि छोटा रोहिदास प्रत्यंचा ओढून नेम धरतो.